पंचवीस झाल्या की दोरा

“सूप आत ने, अम्मा,” अंबादास म्हणाला. “आणि ते पानांचं पोतंसुद्धा.”

मी सूप उचललं. सकाळी वळलेल्या विड्या त्यात तशाच पडल्या होत्या, दोरा बांधायच्या राहिलेल्या. रविवार होता, तरी मी पहाटेच दोन तास वळून घेतलं होतं. दुपारी माझा हात रिकामा नसणार हे ठाऊक होतं.

“कॉम्प्युटरमधून तंबाखूचा वास जातो काय रे तिकडं?”

“वास नाही जात. भिंत दिसते.”

त्यानं विडी कारखान्याचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. त्याच्यामागं भिंतीचा निळा रंग चौकोनभर तसाच राहिला होता, बाकी सगळी भिंत मळून गेलेली. थोडा वेळ तो त्या चौकोनाकडं बघत उभा राहिला. मग आतून त्याचा पदवीचा फोटो आणला, काळा झगा आणि चौकोनी टोपीतला, आणि तिथं लावला. फोटो लहान पडला. चौकोन दिसायचा तो दिसतच राहिला.

मी नारायणपेठ नेसले होते. हे गेल्यापासून ती पेटीबाहेर काढली नव्हती.

“एवढं कशाला नेसलीस?” तो म्हणाला.

“तूच म्हणालास की, परदेशातली माणसं बोलणार आहेत म्हणून.”

तो टेबलाखाली वाकून वायर लावायला लागला. मी त्याच्या पाठीला विचारलं, “माय नेम इज राजव्वा. बरोबर?”

“बरोबर आहे,” तो खालूनच म्हणाला.

ते एक वाक्य मी आठवडाभर घोकत होते. विड्या वळताना, भाकरी थापताना. शेजारची पोचव्वा म्हणाली होती, “वेड लागलंय काय गं तुला, स्वतःचंच नाव घोकायलीस?”

आता ही माणसं कोण आणि माझ्याशी का बोलणार होती, ते सांगते.

मला अक्षर आलं ते सेहेचाळिसाव्या वर्षी. आमच्या वस्तीत, विडी कामगारांच्या घरकुलात, संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग भरायचा. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण वर्ग मराठीचा होता, म्हणून मला जी अक्षरं आली ती मराठी. इंग्रजी कधी आली नाहीत. अंबादास तेव्हा पुण्यात इंजिनियरिंग शिकत होता. पुढं तिथंच नोकरीला लागला आणि शनिवार-रविवारी घरी यायचा. एकदा येताना त्यानं जुना कॉम्प्युटर आणला, दारासमोरच्या खोलीत मांडला आणि म्हणाला, “अम्मा, मी एक भाषा केलीय.”

“भाषा काय करायची असते? ती असते की.”

“कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. त्या सगळ्या इंग्रजीत असतात. इंग्रजी येत नाही त्याला दार बंद. ही मराठीत आहे. तुला जमली, तर भाषा खरी.”

तिचं नाव त्यानं ‘सरळ’ ठेवलं होतं. तिच्यात ‘दाखव’ म्हटलं की कॉम्प्युटर दाखवायचा. ‘जर’ म्हटलं की थांबून बघायचा. ‘दहा वेळा’ म्हटलं की तेच काम दहा वेळा करायचा, आणि कुरकुर करायचा नाही. मला ते आवडलं. जन्मभर मी दुसऱ्याचं सांगितलेलं ऐकलं. माझं ऐकणारं ते पहिलंच.

ऑफिसातली पोरं त्याला हसायची. मराठीत प्रोग्रॅम कोण लिहिणार, तुझी आई? असं म्हणायची. ते त्यानंच मला सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो, कारण खरंच आईच लिहीत होती.

मग त्या साइटची गोष्ट निघाली. जगभरातली माणसं फुकट चालवतात अशी एक साइट होती. तिथं एकच काम वेगवेगळ्या भाषांत कसं लिहायचं ते शेजारी शेजारी मांडून दाखवतात. आकडे लहान-मोठे लावायचे, वाक्यातले शब्द मोजायचे, लीप वर्ष ओळखायचं, अशी शेकडो कामं. प्रत्येक कामाखाली भाषांची रांग. माणसं बघतात, तुलना करतात, कुठली शिकायची ते ठरवतात. “तिथं ‘सरळ’चं पान झालं की तिला भाषा म्हणतील, अम्मा. नाहीतर ती माझ्या कॉम्प्युटरवरचा खेळ.” पाच वर्षं घातली होती त्यानं तिच्यावर. लग्नाचं बोलणं काढलं की म्हणायचा, आधी हे होऊ दे.

पण साइटचा एक नियम होता. ज्यानं भाषा केली त्यानं स्वतः उदाहरणं लिहून चालायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी ती भाषा वापरून ती लिहिलेली पाहिजेत.

“मी लिहिते,” मी म्हणाले. “पण आपण दिलेलं छाट झालं तर परत देतात काय?”

विडीच्या धंद्यात छाट म्हणजे नापास माल. आपण वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की चेकर त्यातल्या मूठभर बाजूला टाकतो. ही सैल, ही आखूड. त्या आपल्या हिशेबात धरत नाहीत आणि परतही देत नाहीत. त्या तिथंच राहतात, आणि कोणीतरी त्या ओढतंच.

अंबादासनं साइटचे नियम वाचून सांगितले. “एकदा दिलं की ते सगळ्यांचं, अम्मा. परत मागता येत नाही. पण खाली नाव तुझं राहतं. कायमचं.”

त्या ‘कायमचं’नं मला धरलं. चाळीस वर्षं मी विड्या वळल्या. त्यांच्यावर छाप कारखान्याचा. ओढणाऱ्याला काय ठाऊक कुणाच्या बोटांतून आली. इथं मात्र कामाखाली नाव. अंबादासनं माझं खातं उघडून दिलं, आणि मी एकेका बोटानं टायपून लिहायला लागले. आठवडाभर लिहायची, शनिवारी तो आला की पाठवायची. पहिलं काम लागलं तेव्हा त्यानं मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. सगळ्या इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत मराठीत, ‘राजव्वा म्याकल’. मी पोचव्वाला बोलावून आणलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती म्हणाली, “दिसायला तर चांगलं दिसतंय.”

तीसेक कामं झाली आणि साइटवाल्यांना संशय आला. भाषा करणारा आणि वापरणारी, दोघांचं सगळं एकाच घरातून येतंय. वापरणारी खरी आहे कशावरून? त्यानंच दुसऱ्या नावानं लिहिलं नसेल कशावरून? त्यांनी कळवलं, या राजव्वाशी आम्हाला समोरासमोर बोलायचंय. नाहीतर पान काढून टाकू.

म्हणून तो रविवार, आणि म्हणून नारायणपेठ.

तीन वाजता रिक्षा वाजली. अंबादास बाहेर गेला आणि एका पोरीला घेऊन आत आला. तिशीच्या आतली, खांद्याला बॅग, केस मोकळे.

“ही शाल्मली. माझ्या ऑफिसात असते. पुण्याहून आलीय.”

“नमस्कार काकू.” ती पाया पडायला वाकली. “तुमच्याबद्दल खूप ऐकलंय मी. तुमची ती शब्द मोजायची युक्ती काय भारी आहे!”

“बस बाळा. पाणी देते.” मला वाटलं, इंग्रजी समजावून सांगायला आणली असेल. मनात म्हटलं, शहाणा आहे पोरगा, सगळा विचार केलाय. पाणी देऊन मी पदर सारखा केला आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

अंबादास माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आता तो तेलुगूत बोलला, शाल्मलीला कळू नये म्हणून. “अम्मा, तू आत बस.”

“आत कशाला?”

“शाल्मली बोलेल.”

“ती बोलेल, मी सांगेन. मग आत कशाला?”

“तसं नाही. तीच राजव्वा म्हणून बोलेल.”

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्या साडीच्या काठाकडं बघत होता.

“तू बसलीस आणि मी शेजारून सांगितलं तर त्यांना वाटेल, हाच पढवतोय,” तो भराभर बोलायला लागला. “इंग्रजी येणारं माणूस पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे. नाव तुझंच राहणार, अम्मा. ‘राजव्वा’च राहणार. काही बदलत नाही.”

“काय झालं?” शाल्मलीनं मराठीत विचारलं. “काकूंना सांगितलं नव्हतंस तू?”

“सांगितलंय,” अंबादास म्हणाला.

ती उठली. “अंबादास, मला हे कसंतरी वाटतंय. काकू, तुम्हाला चालणार आहे ना?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण पोराचा चेहरा बघितला. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो असाच उभा होता, दाराला पाठ लावून, ओठ कोरडे. पाच वर्षं, ऑफिसातलं हसणं, थांबलेलं लग्न, सगळं त्या पडद्यावर येऊन अडलेलं.

“बस तू,” मी शाल्मलीला म्हणाले. “खुर्ची जरा हलते. डावीकडं टेकू नको.”

स्वयंपाकघर म्हणजे मधे पडदा, एवढंच. मी सुपाजवळ जाऊन बसले. कॉम्प्युटर किणकिणला. एका बाईचा आवाज आला, एका पुरुषाचा आला. हसले, काहीतरी बोलले. मग शाल्मली म्हणाली,

“हाय! माय नेम इज राजव्वा.”

तेवढं मला समजलं. तेवढंच इंग्रजी मला येत होतं.

ती चांगलं बोलत होती. थांबत नव्हती, अडखळत नव्हती. मधे मधे ‘सरळ’, ‘दाखव’, ‘जर’ असे माझे शब्द तिच्या इंग्रजीतून वर यायचे. पलीकडची माणसं खूश वाटत होती. अंबादास कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून उभा होता. पडद्याच्या फटीतून मला त्याचा अर्धा चेहरा दिसायचा. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग येत होता. मी विड्या हातात घेतल्या आणि दोरा बांधायला लागले.

मग पलीकडच्या बाईनं काहीतरी विचारलं आणि शाल्मली गप्प झाली.

बाईनं पुन्हा विचारलं. शाल्मली “अं...” म्हणाली. “वन मिनिट, समवन ॲट द डोअर,” असं काहीसं म्हणाली. अंबादास पडदा सारून आत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“अम्मा, पंचवीस का?” तो कुजबुजला.

“काय पंचवीस?”

“शंभर आकडे दाखवायच्या कामात. सगळ्या भाषांत एकापासून शंभरापर्यंत सरळ मोजलंय. तू पंचवीस मोजून थांबतेस, मग परत पंचवीस, असं चार वेळा. दुसऱ्या कामांतही तेच. जिथं तिथं पंचवीस. त्या म्हणतात, हे भाषा करणाऱ्यानं लिहिलेलं वाटत नाही, हा हात वेगळाय. फक्त कारण सांगा. का केलंस तसं?”

मी तसं लिहिलं होतं हे खरं. माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे ते.

४ वेळा
    २५ वेळा
        आकडा दाखव
        आकडा वाढव
    ओळ बदल

लिहिताना मी विचारसुद्धा केला नव्हता. शंभर असंच मोजतात, एवढंच मला ठाऊक.

“तुला माहीत नाही?” मी म्हणाले.

“अम्मा, लवकर. ते थांबलेत.”

“अंबादास, तुला माहीत नाही?”

त्यानं मानेनं नाही म्हटलं. तो माझ्या हातांच्या अगदी समोर बसला होता. हातात विड्यांचा कट्टा होता, दोरा अर्धा गुंडाळलेला. शाळेतून आला की हाच पोरगा माझ्याजवळ बसून विड्यांची तोंडं मोडायचा, कट्टे बांधायचा. एक कमी भरली की मी त्याच्या टाळक्यात टपली मारायची, आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. आता त्याची नजर माझ्या तोंडावर होती. हातांकडं गेलीच नाही.

मला गप्प बसता आलं असतं. दोन मिनिटं मी काही बोलले नसते तर पलीकडच्या माणसांना जे कळायचं ते कळलं असतं.

मी कट्टा त्याच्या पुढ्यात ठेवला.

“पंचवीस झाल्या की दोरा बांधायचा,” मी म्हणाले. “नाहीतर सुटतात.”

त्यानं कट्ट्याकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले.  तो उठला, बाहेर गेला आणि कॅमेऱ्याच्या मागून कागदावर काहीतरी खरडून शाल्मलीला दाखवलं.

ती बोलायला लागली. विडी हा शब्द ऐकू आला. माय ग्रँडमदर, असं काहीतरी म्हणाली. पलीकडची बाई “ओ!” म्हणाली, मग तो माणूसही “ओ!” म्हणाला, आणि सगळे हसले. चांगलं हसले, कौतुकानं. तिथंच काम झालं. मला ते आवाजावरूनच कळलं. माल पास झाला की चेकरचा आवाज तसाच होतो.

मी चहा टाकला.

कॉम्प्युटर बंद झाल्यावर अंबादासनं टाळी वाजवली. “झालं! पान ठेवणार म्हणाले! आणि पुढच्या महिन्यात पहिल्या पानावर ‘सरळ’ची ओळख देणार!”

“अभिनंदन,” शाल्मली म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “ग्रँडमदर कुठून काढली मी, काय माहीत. एक विचारू?”

“विचार की.”

“काकूंनाच का नाही बसवलंस? मी दुभाषी म्हणून बसले असते. तू पढवतोयस असं म्हणाले असते तर तू घराबाहेर जायचास. साधं होतं.”

“तुला नाही कळायचं.”

“सांग तर.”

मी ट्रे घेऊन पडद्याशी पोचले होते. त्याला वाटत असावं, मी चुलीपाशी आहे.

“विडी वळणारी बाई ही भाषा वापरते म्हटलं की काय होईल?” तो म्हणाला. “टाळ्या वाजवतील. फोटो काढतील. आणि भाषेला म्हणतील अडाण्यांचं खेळणं. मग शिकलेलं कुणी हात लावेल काय तिला?”

“पण तू ती त्यांच्यासाठीच केलीस ना?”

“त्यांच्यासाठीच केली. पण त्यांनीच वापरून ती मोठी कशी होईल?”

 मी पडदा सारून बाहेर आले आणि चहा ठेवला.

“साखर बघा,” मी म्हणाले. “कमी पडली असेल.”

जाताना शाल्मली पुन्हा वाकली. “काकू, मला माफ करा.”

“तुला कशाला? नाव छान घेतलंस माझं. मला इतकं साफ नसतं आलं.”

पंधरा दिवसांनी अंबादासनं मला साइट दाखवली. पहिल्या पानावर ‘सरळ’ होती. खाली माझी उदाहरणं, एकही अक्षर न बदललेली. सगळ्यांत वर ते पंचवीसवालं. त्याच्याखाली ‘राजव्वा म्याकल’, आणि नावाशेजारी त्या दिवशीच्या बोलण्यातून उचललेला एक छोटा गोल फोटो. मोकळे केस, पांढरेशुभ्र दात. मागं भिंतीवर थोडासा निळा चौकोन.

“बघ, नाव तुझंच आहे,” तो म्हणाला.

“आहे की,” मी म्हणाले.

“आणखी कामं मागितलीत त्यांनी. नवीन वीसेक आहेत. तू निवांत कर.”

“बोटं दुखतात रे.”

“विड्या वळतेस की.”

“त्यांना बघायला लागत नाही.”

त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. शनिवार आले, गेले. कॉम्प्युटरवर मी कापड टाकलं, मग त्यावर पानांचं पोतं ठेवायला लागले. तो पोतं उचलून बाजूला ठेवायचा, सोमवारी मी परत वर ठेवायची. यावर आमचं कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

शिकलेल्यांनी ‘सरळ’ला हात लावला नाही. त्यांना इंग्रजी येत होतं, त्यांना ती कशाला हवी? आणि ज्यांना ती हवी होती त्यांना कुणी सांगायला गेलं नाही. वस्तीत मी दोघी-तिघींना शिकवली असती. पोचव्वा तर माझ्या मागं लागून अक्षरं शिकली होती तोवर. पण शिकून ती लिहिणार, आणि मग पुण्याहून कोण यायचं तिचं नाव सांगायला?

वर्षभरानं एका शनिवारी अंबादास मोबाइल हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. उकिडवाच. मी वळत होते.

“साइटवरनं पत्र आलंय,” तो म्हणाला. “वर्षभर ‘सरळ’मध्ये नवीन काही आलं नाही. आणखी सहा महिने कुणी लिहिलं नाही तर ती बंद पडलेल्या भाषांत टाकणार.”

“बरं.”

“त्या बाईंनी खाली वेगळं लिहिलंय. त्यांना ते पंचवीसचं अजून आठवतं. विचारलंय...” तो थांबला. “विचारलंय, राजव्वा कशी आहे? बरी आहे ना? लिहायची का थांबली?”

माझ्या सुपात चोवीस झाल्या होत्या. पंचविसावी मी हातातच धरून बसले.

“अम्मा, काय लिहू त्यांना?”

“मला काय विचारतोस?” मी म्हणाले. “पुण्याला फोन लाव. तिला विचार.”

 मी पंचविसावी ठेवली आणि दोरा घेतला.